आधी भाकरी तोला, मग प्रवेश घ्या

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की तासगाव, विटा, कराड, कोरेगाव अशा ठिकाणांहून मला फोन येतात. मुलगी बोलते, मागून आईचा आवाज येतो, मधेच मामा फोन घेतात. प्रश्न एकच असतो: "ताई, डाएटिशियन व्हायचं तर कुठं ॲडमिशन घ्यायची?" मी मिरजेतल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तासगाव तालुक्यातल्या एका गावातून शिकायला बाहेर पडले तेव्हा मला हे सांगायला कुणी नव्हतं. म्हणून या फोनवर मी जे सांगते ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

कॉलेजाचं नाव मी लगेच सांगत नाही. आधी विचारते, "तुझ्या घरातली एक भाकरी किती ग्रॅमची असते?" आजवर एकाही मुलीने याचं उत्तर दिलेलं नाही. मलाही देता आलं नसतं. दुसऱ्या वर्षाला असताना आम्हाला घरच्या माणसांच्या आहाराची नोंद करून आणायला सांगितली होती. मी लिहिलं, आई, दुपारी दोन भाकऱ्या. पुस्तकात एका भाकरीला ३० ग्रॅम पीठ धरलं होतं, म्हणजे साधारण १०० कॅलरी. त्या हिशोबाने शेतात दिवसभर राबणारी माझी आई उपाशी निघाली. बाईंनी वही परत केली आणि म्हणाल्या, "घरी जाऊन पीठ तोल." सुट्टीत तोललं. आईच्या एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ लागत होतं. म्हणजे ३०० कॅलरी. हिशोब थेट तिपटीने चुकला होता.

पुढे शिकलेलं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. समोरचा माणूस नेमकं काय आणि किती खातो, हे कळल्याशिवाय त्याला काय खावं हे सांगता येत नाही.

पायरी पहिली: घरचं स्वयंपाकघर मोजा

निकाल आणि प्रवेश यांच्या मधले चार-सहा आठवडे मोकळे असतात. या दिवसांत एक काम करा. ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, मिलिलिटरच्या खुणा असलेला एक प्लास्टिकचा पेला घ्या आणि एक दोनशे पानी वही करा.

भाकरी तोलायची पद्धत अशी. भाजलेली भाकरी काट्यावर ठेवून भागत नाही, कारण तिच्यात पाणी असतं. आमच्या घरी ९० ग्रॅम पिठाची भाकरी तव्यावरून उतरली की १३५ ग्रॅम भरायची. म्हणून डब्यातलं पीठ आधी तोला. आईला नेहमीसारख्या दहा भाकऱ्या करू द्या. मग डब्यात उरलेलं पीठ आणि परातीत थापताना सांडलेली पिठी एकत्र तोला. दोन्ही वजनांतला फरक काढा, दहाने भागा. तीन दिवस करा, कारण पहिल्या दिवशी आई नक्की बारीक भाकऱ्या करते. कुणी मोजतंय म्हटलं की माणूस वेगळं वागतं, हाही या विषयातला पहिलाच धडा.

मग वाट्या. घरातल्या प्रत्येक वाटीत पाणी भरून मोजा. आमटीची वाटी, ताकाचा पेला, वरण वाढायचं ओगराळं, फोडणीची पळी, सगळं वहीत लिहा. तेलाचा हिशोब महिन्यावर करा. पाच माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ३३ मिलिलिटर, म्हणजे जवळपास ३० ग्रॅम होतं. यात भजी आणि चिवडा आला, पण चटणीतले शेंगदाणे आणि दुधावरची साय आली नाही. हा फरक डोक्यात बसला की पुढे दृश्य आणि अदृश्य स्निग्ध पदार्थ हा धडा वेगळा शिकावा लागत नाही.

वहीत नावं आपल्याच भाषेत लिहा. कोरड्यास, कालवण, माडगं, आंबील, शेंगोळे, डाळकांदा, खर्डा. जतकडची बाई "कोरड्यास काय होतं?" म्हटल्यावर पटकन सांगते. तिलाच "सब्जी कोणती खाल्ली?" विचारलं तर गप्प बसते. प्रत्येक पदार्थासमोर त्यात काय पडतं आणि किती पडतं ते लिहा. ही वही मी आजही वापरते.

पदार्थातले पोषक घटक कुठे पाहायचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले, त्यात ५२८ खाद्यपदार्थ आहेत. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि ४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम. आता आईचा हिशोब करून बघा. दिवसाला तीन भाकऱ्या म्हणजे २७० ग्रॅम पीठ, म्हणजे साडेदहा मिलिग्रॅम लोह. याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लागतं. त्यातच सकाळी चहाबरोबर भाकरी खाल्ली तर चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट अंगी लागत नाही. आपल्याकडच्या बायकांच्या अंगात रक्त कमी का, याचं निम्मं उत्तर तुमच्या वहीत निघतं. प्रवेश घ्यायच्या आधीच.

हे करताना कंटाळा आला तर तेही कळू द्या. तोलणं, लिहिणं, भागाकार करणं यात रस वाटत नसेल, तर तीन वर्षं फार जड जातात. नुसती स्वयंपाकाची आवड असेल तर हॉटेल मॅनेजमेंटकडे जा, तेही चांगलं शिक्षण आहे.

पायरी दुसरी: कोर्सचं नाव नीट वाचा

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गृहविज्ञान, अन्न व पोषण, पोषण व आहारशास्त्र, अन्नतंत्रज्ञान ही चार नावं ऐकायला सारखी वाटतात. अन्नतंत्रज्ञान म्हणजे कारखान्याचं शिक्षण: प्रक्रिया, साठवण, पॅकिंग, गुणवत्ता तपासणी. बेदाणे आणि हळदीच्या सांगलीत त्याला काम आहे, पण त्या पदवीवर तुम्ही वॉर्डात पेशंटचा आहार ठरवत नाही. गृहविज्ञानात पोषण हा एक भाग असतो, सोबत बालविकास, वस्त्रशास्त्र वगैरे. तिथून पदव्युत्तरला आहारशास्त्राकडे वळता येतं आणि कित्येक नावाजलेल्या आहारतज्ज्ञ याच वाटेने आल्या आहेत. अन्न व पोषण किंवा पोषण व आहारशास्त्र हा आपला थेट रस्ता.

बारावीला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र असेल तर जवळपास सगळीकडे दार उघडं असतं. गृहविज्ञानाला काही ठिकाणी कला-वाणिज्यच्या मुलीही घेतात. पण रसायनशास्त्राची भीती असेल तर ती आत्ताच घालवा, कारण आहारशास्त्र म्हणजे शेवटी शरीरातलं रसायनशास्त्रच.

आता कायदा. २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ हे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून आले. या कायद्यात आरोग्य व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचं शिक्षण धरलं आहे, आणि व्यवसाय करण्यासाठी नोंदणीची तरतूद आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने या क्षेत्रातल्या काही विषयांचे देशभर लागू करायचे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यात पोषण व आहारशास्त्रही होतं. त्यामुळे प्रवेश घेताना कॉलेजच्या कार्यालयात एक प्रश्न ठासून विचारा: "तुमचा कोर्स या आयोगाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे आहे का? नसेल तर कधी होणार?" गुळमुळीत उत्तर आलं तर लेखी मागा.

दुसरी गोष्ट दूरशिक्षणाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्याशी संबंधित विषय दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला बंदी घातली आहे. अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल पोषण व आहारशास्त्र हे विषय त्यात येतात. तेव्हा "घरबसल्या पदवी" असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी मुलाखतीला आली. जत तालुक्यातली, बोलायला चुणचुणीत, विषयाची खरी आवड असलेली. फाइलीत रंगीत सर्टिफिकेट, त्यावर सोनेरी शिक्का. एका खासगी क्लासने तीन महिन्यांच्या कोर्सचे वडिलांकडून भरपूर पैसे घेतले होते. शेळ्या विकून दिलेले पैसे होते ते. कागद उलटसुलट केला, त्यावर कुठल्याही विद्यापीठाचं नाव नव्हतं. तिला घेता आलं नाही. ती रडली नाही, कागद घडी घालून ठेवला आणि विचारलं, "मग आता पहिल्यापासनं शिकू का?" आज ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण तिचा गेलेला वेळ आणि त्या शेळ्या परत येत नाहीत.

म्हणून पैसे भरण्याआधी पाहा: पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार? ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का? कॉलेजला स्वतःची अन्नप्रयोगशाळा आहे का? शेवटच्या वर्षाच्या मुली कोणत्या दवाखान्यात जातात? हा शेवटचा प्रश्न प्राचार्यांना न विचारता कँटीनमध्ये बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा.

पायरी तिसरी: कुठे जायचं

सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यापीठ १९६२ चं. साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे, कराडला कृष्णा विश्व विद्यापीठ. यांच्या आणि जवळच्या कॉलेजांच्या या वर्षीच्या प्रवेशपुस्तिका आधी चाळा, कारण नवे कोर्स दरवर्षी सुरू होतात. घरापासून जवळ राहून पदवी आणि मग पदव्युत्तरला बाहेर, हा मार्ग खिशाला झेपतो आणि पहिल्या वर्षी मुलगी बिचकत नाही.

बाहेर जायचं तर मुलींसाठी पहिलं नाव एसएनडीटी महिला विद्यापीठाचं. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं. पुण्यात कर्वे रस्त्यावर त्यांचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे, मुंबईत जुहूला आहे. साताऱ्याहून पुणे एसटीने अडीच-तीन तास. सांगली-मिरजेहून रेल्वे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अन्न व पोषणाचा जुना, नावाजलेला विभाग आहे, तिथे मुलगेही शिकतात. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ चं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उपयोजित पोषण आणि क्रीडा पोषण या विषयांत पदव्युत्तर शिक्षण मिळतं, त्यासाठी त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा असते. ही संस्था १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरी या आजाराच्या शोधासाठी एका छोट्या खोलीएवढ्या विभागातून सुरू झाली. पॉलिश केलेला तांदूळ खाऊन माणसं का खंगतात, हा तिथला मूळ प्रश्न. पाटण-जावळीच्या भातपट्ट्यातल्या मुलीने हा इतिहास जरूर वाचावा.

मुलग्यांसाठी एक वेगळं सांगते, कारण "हे पोरींचं शिक्षण" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. आपला भाग तालमींचा. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. आजही कित्येक तालमीत पैलवानाचा खुराक वस्ताद सांगतील तसा चालतो: दूध, तूप, बदामाची थंडाई. त्यातलं बरंच चांगलंही आहे. पण कुस्तीच्या आदल्या दोन दिवसांत वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणं आणि घाम काढणं हे मूत्रपिंडाला आणि हृदयाला धोक्याचं आहे. क्रीडा पोषण शिकलेला, स्वतः लाल मातीत खेळलेला मुलगा वस्तादांच्या शेजारी बसून हे समजावू शकतो. बाहेरचा माणूस नाही.

पायरी चौथी: कागद आणि पैसा

बहुतेक ठिकाणी पदवीचा प्रवेश बारावीच्या गुणांवर, गुणवत्ता यादीने होतो. काही विद्यापीठं स्वतःची परीक्षा घेतात, तारखा आधीच पाहून ठेवा. दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास हे सगळं निकालाआधी तहसीलच्या सेतूत टाकून द्या. निकालानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. पदवीनंतर विद्यापीठ बदलणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ लागतो, शेवटच्या निकालादिवशीच अर्ज करा.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरायचे असतात. त्यासाठी बँक खातं आधारला जोडलेलं हवं. कित्येक मुलींचे पैसे एवढ्या एका गोष्टीमुळे अडकतात. अनुसूचित जातीच्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. व्यावसायिक कोर्ससाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तुमचा कोर्स त्यात बसतो का हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला विचारा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, सुट्टीला घरी येणं आता पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही.

आणि कमवा व शिका. कर्मवीर अण्णांनी साताऱ्याच्या मातीत रुजवलेली ही योजना आता अनेक विद्यापीठांत चालते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत काही तास काम, त्याचे पैसे. मी अन्नप्रयोगशाळेत काम मागून घेतलं होतं. तराजू पुसता पुसता मला उपकरणं कळली.

पायरी पाचवी: पहिली दोन वर्षं

पहिल्या वर्षाला बहुतेक मुली निराश होतात. त्यांना डाएट चार्ट लिहायचा असतो आणि समोर येतं शरीरक्रियाशास्त्र, रसायनशास्त्र, अन्नशास्त्र. दुसऱ्या वर्षाला जीवरसायनशास्त्र. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इथे दुहेरी ओझं पडतं, विषयही नवा आणि भाषाही.

मी केलं ते सांगते. वहीच्या पानाचे तीन रकाने केले. पहिल्यात पुस्तकातला शब्द देवनागरीत, उच्चारासकट. दुसऱ्यात प्रमाण मराठी शब्द. तिसऱ्यात पेशंट काय म्हणतो ते. पँक्रियाज, स्वादुपिंड, "ते इन्सुलिन तयार व्हायचं". कार्बोहायड्रेट, कर्बोदकं, "पिठाचं-साखरेचं". ॲनिमिया, रक्तक्षय, "अंगात रक्त नाही". तिसरा रकाना कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. "उष्ण पडतं", "वातूळ आहे", "बाधतं" हे शब्द माणसं रोज वापरतात. त्यांना अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नका. बाळंतिणीला घरात काय काय बंद केलं आहे ते याच शब्दांतून कळतं.

जीवरसायनशास्त्रातली चक्रं पाठ करू नका. एक भाकरी घ्या आणि तिचा तोंडापासून पेशीपर्यंतचा प्रवास स्वतःच्या शब्दांत लिहा. लाळेत काय झालं, लहान आतड्यात काय झालं, ग्लुकोज रक्तात आलं, इन्सुलिनने दार उघडलं, पेशीत गेलं, तिथून क्रेब्ज चक्र, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार होण्याची साखळी. मग तीच भाकरी मधुमेही माणसाने खाल्ली असं धरून पुन्हा लिहा. मी हे सात वेळा लिहिलं होतं. सातव्या वेळी पुस्तक उघडावं लागलं नाही.

वयोगटानुसार आहार, अन्नसूक्ष्मजीवशास्त्र, आहार नियोजन, संख्याशास्त्र हे विषय नियमित अभ्यासाने जमतात. संख्याशास्त्र मात्र टाळू नका, पदव्युत्तरला तेच अडवतं.

पायरी सहावी: वॉर्डात पाऊल

शेवटच्या वर्षात उपचारात्मक आहारशास्त्र येतं. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड, यकृत, भाजलेले रुग्ण, कर्करोग. आणि त्याच सुमारास किंवा पदव्युत्तरला इंटर्नशिप. त्यासाठी दवाखाना निवडायची संधी मिळाली तर चकचकीत इमारत बघू नका, वेगवेगळे विभाग किती आहेत ते बघा. मिरज तर दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उभं केलं तेव्हापासून कर्नाटकातूनही पेशंट येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीचं शासकीय रुग्णालय आहे. एकाच सकाळी जतचा शेतकरी, इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार आणि बेळगावकडची कन्नड बोलणारी आजी भेटते.

राउंडला जाताना केस पेपर आधी वाचा. वजन, उंची, रक्तातली साखर, मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारं क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, चालू औषधं. मग पेशंटशी बोला. "काल सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेलं?" इथून सुरुवात करा आणि त्याला बोलू द्या. चहा किती वेळा, साखर किती, पान-तंबाखू, शेतावर नेलेला डबा, रात्री मुलांनी टाकलेलं उरलंसुरलं. बायका स्वतःचं जेवण शेवटी सांगतात, कधीकधी सांगतच नाहीत. तेव्हा विचारायचं, "सगळ्यांचं झाल्यावर तुम्ही काय खाल्लं?"

खाटेशेजारचं कपाट जरूर पाहा. इंटर्नशिपमध्ये मी एका डायलिसिसच्या पेशंटचा आहार अगदी काटेकोर लिहून दिला होता. पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं, हेही त्यांच्या सुनेला करून दाखवलं. तरी पुढच्या तपासणीत पोटॅशियम वर. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत वॉर्डात उभी राहिले. गावाकडून चार माणसं आली, हातात सहा शहाळी आणि डझनभर केळी. "अण्णा, अशक्तपणा आलाय, ताकदीचं खावा." शहाळ्यात आणि केळ्यात पोटॅशियम भरपूर. आपुलकीने आणलेल्या त्या पिशवीत धोका आहे हे कुणी त्या माणसांना सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी मूत्रपिंडाच्या पेशंटचा आहार घरच्यांपुरता सांगत नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी एक ओळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खाटेला लावते: शहाळं, केळी, फळांचा रस आणू नका.

नळीतून द्यायचं अन्न स्वतःच्या हाताने करून पाहा. मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ केलेलं, नळीत अडकणार नाही इतपत पातळ आणि तरीही कॅलरी पुरेशा, हे गणित कागदावर सोपं दिसतं. घरी सोडलेल्या पेशंटच्या बायकोला ते स्टोव्हवर जमवायचं असतं. डोकं उंच ठेवायचं, आधी-नंतर पाण्याने नळी धुवायची, उरलेलं तासन् तास बाहेर ठेवायचं नाही. तिला दाखवा, मग तिच्याकडून करून घ्या.

एक मर्यादा पक्की धरा. औषध बदलणं, बंद करणं आपलं काम नाही. "आहाराने शुगर घालवते, गोळ्या सोडा" असं सांगणारी मंडळी गावोगावी आहेत, डबे विकणारीही आहेत. शिकलेल्या आहारतज्ज्ञाने त्या रांगेत उभं राहू नये.

पायरी सातवी: प्रबंधाचा विषय आपल्या मातीतला घ्या

पदव्युत्तरला प्रबंध असतो. इंटरनेटवरून कुठलासा विषय उचलण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यात पाहा. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात हुलगा आणि मटकी किती घरांत अजून शिजते? कोरेगावचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळवून बाजारात गेला, तो पिकवणाऱ्याच्या ताटात उरतो का? दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे उठून फडात जाणाऱ्या आईच्या लेकराला दिवसभरात काय मिळतं?

लहान मुलांवर काम करताना दंडाचा घेर मोजायला शिका. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर ते तीव्र कुपोषण. त्या मुलाची नोंद घेऊन पुढे जाऊ नका, त्याच दिवशी अंगणवाडी ताई आणि आरोग्य केंद्राला कळवा. शाळेतल्या पोषण आहाराचंही मोजमाप करता येतं. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, हा निकष आहे. ताटात प्रत्यक्ष किती पडतं ते तोलून पाहा. मात्र संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आणि पालकांची मराठीतली लेखी संमती आधी.

पायरी आठवी: पदवीनंतर

भारतीय आहारतज्ज्ञ संघटना १९६३ पासून आहे. तिची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही परीक्षा दिली तर मोठ्या रुग्णालयात अर्जाला वजन येतं. पदव्युत्तर शिक्षण आणि मान्य रुग्णालयातली इंटर्नशिप लागते, नियम त्यांच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचे पाहा, सिनिअरकडून ऐकलेले धरून बसू नका. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, विषय गृहविज्ञान. सरकारी बाजूला महिला व बालविकास खात्यातली पदं, एकात्मिक बालविकास योजनेतली पर्यवेक्षिका, जिल्हा रुग्णालयांतली पोषण पुनर्वसन केंद्रं. या केंद्रांत तीव्र कुपोषित बालकाला आधी कमी ताकदीचं दूध, मग हळूहळू जास्त ताकदीचं असं बेताने वाढवत नेतात. हे काम मी काही महिने पाहिलं आहे. आठवड्याभराने पहिल्यांदा हसलेलं मूल विसरता येत नाही.

पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे घरच्यांना आधीच सांगा. स्वतःचं क्लिनिक लगेच थाटू नका, दोन-तीन वर्षं वॉर्डात काढा.

मुलाखतीला जाताना फक्त गुणपत्रिका नेऊ नका. इंटर्नशिपमधल्या दहा केसेस नावं झाकून, स्वच्छ अक्षरात लिहिलेल्या न्या: पेशंट काय खात होता, तुम्ही काय बदललं, का बदललं, पुढच्या तपासणीत काय आलं. न जमलेली एक केसही त्यात ठेवा. मी मुलाखत घेते तेव्हा तीच आधी वाचते.

आणि नोकरी लागली की पहिल्या दिवशी आपल्या टेबलाकडे जाण्याआधी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जा. आचाऱ्याला नाव विचारा, मावशींबरोबर चहा घ्या आणि वरण वाढायचं ओगराळं मागून घ्या. त्यात पाणी भरून मोजा. माझ्या पहिल्या नोकरीत डाएट शीटवर एक ओगराळं म्हणजे १५० मिलिलिटर असं छापलेलं होतं. ते भरलं ११० मिलिलिटर, आणि वर्षानुवर्षं प्रत्येक पेशंटच्या प्रथिनांचा हिशोब त्या छापील आकड्यावर चाललेला होता. नवं शीट त्याच दुपारी केलं.